बैठ्या व्हॅनची उंची व सस्पेन्शन

कारखान्यातून आलेल्या मूळ उंचीपेक्षा कमी उंचीवर आणलेल्या मोटारव्हॅनला या लेखात बैठी व्हॅन म्हटले आहे. बैठे घर जसे जमिनीलगत असते, तशी ही गाडी. जुन्या व्हॅनची उंची हौशी मालक दोन कारणांनी कमी करतात: गाडी देखणी दिसावी आणि वळणावर ती कमी कलावी. यांपैकी पहिले कारण बहुतेक वेळा खरे आणि दुसरे सांगण्यापुरते असते. उंची कमी केली की चाकाला वरखाली होण्यासाठी असलेली जागा घटते आणि ती घटली की प्रवाशाच्या पाठीला रस्ता कळू लागतो. हे नुकसान कसे होते, ते किती भरून काढता येते आणि कोणते उपाय धोक्याचे आहेत, हा या लेखाचा विषय आहे.

परिभाषा कोशांत सस्पेन्शनला ‘निलंबन’ हा प्रतिशब्द आढळतो. शासकीय सेवेत त्या शब्दाला मिळालेला अर्थ लक्षात घेता तो गॅरेजमध्ये रुजण्याची शक्यता कमी आहे. म्हणून येथे सस्पेन्शन, स्प्रिंग, पाटे, कमान, शॉक ॲब्सॉर्बर असे रूढ शब्दच वापरले आहेत.

तीन उंची

बोलताना तीन वेगळ्या मापांची गल्लत होते. गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग व जमीन यांतील अंतर म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. प्रवासी जिथे पाय ठेवतो त्या तळाची जमिनीपासूनची उंची म्हणजे तळउंची. स्प्रिंगवर गाडी स्थिर उभी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे उभे अंतर म्हणजे चालउंची. सस्पेन्शन जुळवताना हे तिसरे माप पाहतात, कारण टायर झिजला किंवा बदलला तरी ते बदलत नाही.

तळउंची कमी असणे आणि गाडी बैठी करणे या भिन्न गोष्टी आहेत, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभारली. पुण्याजवळच्या आकुर्डीत पुढे तिचे मोठे काम चालले. २००५ पासून ती फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. या कंपनीची मॅटॅडोर व्हॅन १९६९ मध्ये आली. तिचे इंजिन पुढच्या चाकांना फिरवीत असे, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा तळाखालून न्यावा लागत नव्हता व तळ खाली ठेवता येत होता. वृद्ध माणसाला चढणे आणि पोते आत सरकवणे, दोन्ही त्यामुळे सोपे झाले. बैठेपणाचा जो खरा उपयोग, तो येथे आराखड्यातच साधलेला होता. स्प्रिंग कापून नव्हे. ‘टेम्पो’ आणि ‘मॅटॅडोर’ ही दोन्ही विशेषनामे मराठीत सामान्यनामे होऊन बसली, यावरून त्या गाड्यांचा प्रसार समजतो.

मारुती व्हॅनची गोष्ट निराळी. १९८४ मध्ये बाजारात आलेली आणि १९८८ पासून ओम्नी म्हणून विकली गेलेली ही गाडी २०१९ पर्यंत तयार होत होती. पुढे मॅकफर्सन पद्धतीचे खांब, म्हणजे गुंडाळी स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर यांची एकत्र जोडणी आणि मागे अखंड ॲक्सलवर पाटे, अशी तिची रचना. दोन ॲक्सलमधील अंतर १,८४० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स सुमारे १६५ मिमी. स्वस्त, हलकी आणि दुरुस्तीला सोपी असल्यामुळे उंची कमी करण्याचे प्रयोग तिच्यावर पुष्कळ होतात. जगभरच्या हौशी मंडळींमध्ये मात्र या बाबतीत पहिला मान फोक्सवॅगनच्या १९५० सालापासून निघालेल्या कोम्बी व्हॅनचा आहे.

आराम कशावर अवलंबून असतो

गाडी उभी असताना तिच्या वजनाने स्प्रिंग काही अंतर दबलेली असते. हे दबणे जितके अधिक, तितकी गाडी संथ झुलते. गणित सोपे आहे: दबण्याचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ५ या संख्येला त्याने भागावे. येणारी संख्या म्हणजे गाडीची दर सेकंदाची आंदोलने. स्प्रिंग २५ सेंमी दबत असेल तर सेकंदाला १ आंदोलन, १६ सेंमी दबत असेल तर १.२५ आणि ६.२५ सेंमीच दबत असेल तर २.

माणसाला १ ते १.५ आंदोलनांचा झुला सुखाचा वाटतो. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ आंदोलनांच्या पट्ट्यात सर्वांत अधिक त्रास सोसते. पोटातले ढवळणे आणि कंबरेचे हिसके तिथेच जाणवतात. त्यामुळे स्प्रिंगा निवडताना या पट्ट्यापासून शक्य तितके दूर राहायचे असते.

आता उंची कमी करण्याचा परिणाम पाहू. समजा, एका व्हॅनची आंदोलने सेकंदाला १.२५ आहेत आणि ॲक्सल वर येऊन बंप स्टॉपला, म्हणजे चॅसीखालच्या रबरी ठोकळ्याला, टेकण्यापूर्वी ८ सेंमी वाव आहे. गाडी ५ सेंमी खाली आणली तर ३ सेंमी वाव उरला. पूर्वी ज्या खड्ड्याचा दणका ८ सेंमीत पचत होता, तो आता ३ सेंमीत पचवायचा. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्यासाठी स्प्रिंग सुमारे ७ पट ताठ हवी. ती घातली की आंदोलने ३.३ वर जातात, म्हणजे त्रासाच्या पट्ट्याच्या अगदी उंबरठ्यावर. आणि ताठ स्प्रिंग नाही घातली, तर प्रत्येक मोठ्या खड्ड्यात ॲक्सल ठोकळ्यावर आदळणार. प्रत्यक्षात कोणीही ७ पट ताठ स्प्रिंग बसवीत नाही. थोडा ताठपणा आणि थोडे आदळणे यांची वाटणी केली जाते. पण हिशेब टळत नाही. ‘गाडी खाली आणा आणि मऊही करा’ ही मागणी साध्या स्प्रिंगेकडून पुरी होत नाही, ती याच कारणाने.

शॉक ॲब्सॉर्बर या नावाने एक गैरसमज पसरवला आहे. दणका झेलते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बर त्यानंतरचे झुलणे थांबवतो. त्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि झुलण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. गाडीचा एक कोपरा हाताने दाबून सोडावा. तो वर येऊन स्थिरावला तर शॉक ॲब्सॉर्बर ठीक. दोनतीनदा मान डोलावली तर तो निकामी. मूळ उंचीसाठी बनवलेला शॉक ॲब्सॉर्बर बैठ्या गाडीत आधीच अर्धा मिटलेला असतो. खड्ड्यात तो पूर्ण मिटून आतल्या आत ठोकतो आणि थोड्याच महिन्यांत तेल गाळू लागतो. म्हणून उंची बदलली की कमी लांबीचा व नव्या स्प्रिंगेच्या ताठपणाला जुळणारा शॉक ॲब्सॉर्बर घेणे हा खर्च ऐच्छिक राहत नाही.

गुंडाळी स्प्रिंग

पुढच्या खांबातील गुंडाळीचा एक वेढा कापणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. स्प्रिंगेचा ताठपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८ वेढ्यांतील १ कापला तर ती सुमारे १४ टक्के ताठ होते. उंची कमी झाल्यावर थोडा ताठपणा हवाच असतो, म्हणून हा मार्ग वाटतो तितका अडाणी नाही. अडचण दुसरीकडे आहे. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि जॅकवर गाडी उचलली की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटते. चाक जमिनीवर परत येताना ती तिरकी बसली तर रस्त्यावर काय होईल हे सांगायला नको. योग्य लांबीची तयार स्प्रिंग किंवा आटे असलेल्या बाहीवर बैठक खालीवर करता येणारा जोड घेणे चांगले.

गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवण्याची रीत मात्र पूर्णपणे त्याज्य आहे. स्प्रिंगेच्या पोलादाला विशिष्ट तापमानावर पाणी दिलेले असते. ज्योत लागली की तेवढ्या भागाचे पाणी उतरते, तो भाग मऊ पडतो आणि त्याच्या शेजारचा कडक भाग एक दिवस तडकतो. बाहेरून पाहणाऱ्याला काळा डाग सोडून काही दिसत नाही.

दाबलेल्या गुंडाळीत साठलेली शक्ती हाड मोडण्याइतकी असते. खांब उघडण्यापूर्वी ती शिकंजात आवळलेली असली पाहिजे, आणि गाडी जॅकवर नव्हे तर घोड्यांवर टेकलेली असली पाहिजे.

पाटे

मागची बाजू म्हणजे पाट्यांचा विषय, आणि हा विषय आपल्याकडे गॅरेजइतकाच लोहारशाळेचा आहे. एकावर एक रचलेली पोलादी पाने, मध्ये त्यांना बांधणारा बोल्ट, ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट, एका टोकाला स्थिर बुश आणि दुसऱ्या टोकाला पाटा लांबेल तसा झुलणारा शॅकल, एवढीच रचना. बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान भरणे हे काम मुरलेल्या कारागिरांना येते. तीच विद्या उलटी वापरून कमान कमी करता येते आणि गाडी खाली येते. पानांची संख्या व ताठपणा तोच राहतो, म्हणून उंची उतरवण्याचा हा समंजस मार्ग होय. फक्त पानांचे पाणी उतरणार नाही अशा बेताने, थंड ठोकून हे काम व्हावे.

याउलट एक पान काढून टाकणे सोपे आणि फसवे. सारख्या जाडीच्या ४ पानांतील १ काढले तर ताठपणा ३/४ होतो. गाडी खाली येते, रिकाम्या फेरीत मऊही लागते, आणि मालक खूश होतो. पण उरलेल्या ३ पानांवरचा ताण सुमारे ३३ टक्के वाढलेला असतो. व्हॅन हे तर भाराचे वाहन: रिकामी ८०० किलोच्या आसपास असलेली गाडी माणसे व सामान भरल्यावर कितीतरी जड होते आणि त्या वाढीचा मोठा वाटा मागच्या ॲक्सलवर पडतो. लग्नाच्या किंवा जत्रेच्या गर्दीत तो मऊपणा ठोकळ्यावर आदळून संपतो. पाटा तुटतोही अशाच दिवशी, गाडी भरलेली असताना.

ठोकळा घालण्याच्या रीतीत पाट्यांची जागा पाहावी लागते. पाटे ॲक्सलच्या खालून जात असतील तर दोहोंमध्ये घातलेला ठोकळा गाडी खाली आणतो. वरून जात असतील तर तोच ठोकळा गाडी वर उचलतो. ठोकळ्याबरोबर यू-बोल्टही लांब लागतात. ते जुनेच ताणून बसवू नयेत. आणि काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावेत.

पाने एकमेकांवर घासून चालतात. गंजलेली पाने अडकून राहतात व लहान खड्ड्यांत हलतच नाहीत, मग गाडी विनाकारण ताठ लागते. म्हणून उंचीला हात लावण्यापूर्वी पाटे उघडून साफ करावेत, ग्रीस भरावे, झिजलेले बुश बदलावेत. पुष्कळ वेळा ‘सस्पेन्शन कडक आहे’ ही तक्रार एवढ्यानेच मिटते.

पिळाचे दांडे

कोम्बीमध्ये गुंडाळी नाही आणि पाटेही नाहीत. पोलादी दांड्याचे एक टोक पक्के धरून दुसरे पिळले असता तो परत सरळ होऊ पाहतो, या गुणावर तिचे सस्पेन्शन चालते. फर्डिनांड पोर्श यांच्या कार्यालयाने १९३१ मध्ये या योजनेचे पेटंट घेतले. बीटल मोटारीत आणि नंतर कोम्बीत ती आली.

उंची जुळवण्याची तिची युक्ती विलक्षण आहे. बीटलच्या मागच्या दांड्याच्या आतल्या टोकाला ४० व बाहेरच्या टोकाला ४४ दाते असतात. आतले टोक एक दाता सरकवले की ९ अंशांचा फरक पडतो, बाहेरचे एक दाता उलट सरकवले की सुमारे ८.१८ अंशांचा. दोन्ही एकदम केले तर उरतो तो एका अंशापेक्षाही कमी. शाळेत व्हर्निअर कॅलिपरचे तत्त्व शिकवताना हे उदाहरण दिले तर ते मुलांच्या कायमचे लक्षात राहील. या रीतीने दांड्याचा ताठपणा बदलत नाही. बदलतो फक्त तो स्थिरावतो तो कोन. म्हणून मऊपणा तसाच राहतो आणि वाव मात्र घटतो. दोन्ही बाजूंचे दाते खूण करून मगच काढावेत, नाहीतर गाडी एका कुशीवर कलते.

पुढच्या बाजूला याहून चांगला उपाय आहे. चाक ज्या खुंटीवर फिरते ती खुंटी आपल्या धारकावर वरच्या जागी असलेला नवा भाग बसवतात. चाक गाडीच्या मानाने वर जाते, म्हणजेच गाडी खाली येते. पण दांडे, त्यांचे कोन आणि बंप स्टॉपपर्यंतचा वाव जसेच्या तसे राहतात. आरामाचा तोटा जवळजवळ शून्य. चाकाची वरची कड मडगार्डला घासणार नाही एवढे पाहिले की झाले. उंची कमी करण्याच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल.

हवेची फुगी

उंची व मऊपणा यांची गाठ सोडवायची तर हवेची मदत घ्यावी लागते. रबरी फुगीतील दाब वाढवला की गाडी वर, कमी केला की खाली. भार वाढला तर दाब वाढवून उंची कायम ठेवता येते आणि त्याबरोबर ताठपणाही भाराच्या प्रमाणात वाढतो, म्हणून झुलण्याचा वेग जवळपास तोच राहतो. राज्य परिवहनाच्या शिवनेरी गाडीतला संथ झुला याच तत्त्वाचा. वाहन चालू असताना ते चालण्याच्या उंचीवर आणि उभे असताना जमिनीलगत, ही कल्पना अमेरिकेतील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी रूढ केली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली नसावा असा कायदा झाला, तेव्हा त्यांनी तेलाच्या दाबाने उंची बदलणारी यंत्रणा बसवली. जुन्या व्हॅनला फुगी बसवायची तर पंप, टाकी, नळ्या आणि चॅसीवर नवे आधार लागतात. खर्च गाडीच्या किमतीला सहज मागे टाकतो.

गतिरोधक आणि नातेपुते

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे आळंदी–पंढरपूर पालखी मार्गावरचे गाव. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम असतो. हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ असून त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. महामार्गावर बैठी व्हॅन सुखाने चालते. प्रश्न येतो तो महामार्ग सोडून गावात, वस्तीवर किंवा शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे वळल्यावर. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा आणि शाळेपुढचा गतिरोधक या दोन ठिकाणी गाडीच्या पोटाची परीक्षा होते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार सर्वसाधारण रस्त्यावरील गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. तो ताशी २५ किमी वेगाने ओलांडावा, असे अपेक्षित आहे. अशा गतिरोधकावर ओम्नी बरोबर मधोमध आली असता तिची चारही चाके कमानीवरच असतात. त्यामुळे तिच्या पोटाखाली कमानीचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा फक्त अडीच सेंमी वर येतो. दोन ॲक्सलमध्ये २,४०० मिमी अंतर असलेल्या कोम्बीच्या बाबतीत हाच आकडा सव्वाचार सेंमी. म्हणजे ९ सेंमी ग्राउंड क्लिअरन्सची व्हॅनही मानक गतिरोधक निर्वेधपणे ओलांडेल. गाडी पोटावर बसते ती हात-दीड हात रुंदीच्या, डांबराचा ढीग ओतून केलेल्या उंचवट्यांवर. तिथे दोन्ही चाके खाली आणि पूर्ण उंचवटा पोटाखाली असतो. त्याची उंची १५ सेंमी असेल तर मूळ उंचीची ओम्नीसुद्धा भरलेली असताना घासते. दोष व्हॅनचा की रस्त्याचा, हे ज्या त्या ठिकाणी मोजूनच ठरवावे.

जुळवणीचा क्रम

आधी टायरमधील हवा ठरल्याप्रमाणे भरावी, गाडी सपाट फरशीवर उभी करावी आणि चारही चाकांची चालउंची लिहून ठेवावी. शक्य तर चालकाच्या जागी माणूस बसवून मोजावे. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजू नये. चाके जमिनीवर तिरपी रुतलेली असतात, म्हणून ती थोडी पुढेमागे ढकलून मग माप घ्यावे. डाव्या-उजव्या मापांत लक्षात येण्याजोगा फरक असेल तर तो आधी दूर करावा. उंची टप्प्याटप्प्याने कमी करावी. रोजच्या वापराच्या गाडीत बंप स्टॉपच्या वर निम्म्याहून कमी वाव उरू देऊ नये, असा या लेखापुरता व्यवहारी सल्ला आहे. रबरी ठोकळा कापून वाव वाढवता येतो, पण तो काढून टाकला तर लोखंड लोखंडावर आदळते.

उंची बदलली की पुढच्या चाकांची दिशा बदलते, म्हणून व्हील अलाइनमेंट करावेच लागते. हेडलाइटचा झोतही तपासावा. काही व्हॅनच्या मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. ॲक्सल आणि गाडीचा सांगाडा यांतील अंतरावरून तो भार ओळखतो. गाडी बैठी केली की अंतर घटते, व्हॉल्व्हला वाटते गाडी भरलेली आहे, आणि रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांना तो पूर्ण दाब देतो. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरते. उंची कमी करणाऱ्या दहाजणांना विचारले तर या व्हॉल्व्हचे नाव क्वचितच निघते, आणि जीव जाण्याची शक्यता मात्र सर्वांत अधिक इथेच आहे.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही मर्यादा अधोरेखित केली. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेली स्प्रिंग, बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बर मूळ प्रकारचाच बसवणे ही दुरुस्ती होय. चॅसी कापणे हा बदल होय.

खऱ्या अर्थाने जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम झाले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या बिगरव्यापारी दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, ही त्याची अट आहे. १९७० च्या आसपासच्या कोम्बी किंवा मॅटॅडोरच्या मालकाने पुढचा आडवा नळ कापण्यापूर्वी ही अट वाचावी. पिळाच्या दांड्याचे दाते परत पूर्वीच्या खुणेवर आणता येतात. कापलेली चॅसी पूर्ववत होत नाही.